डावरीच्या हातची भाकरी

खुटबावच्या तानुबाईची भाकरी एका अंगानं जाड आणि दुसऱ्या अंगानं फाटलेली असते, हे अख्ख्या भावकीला ठाऊक. चौतीस वर्षं बाया तिला हसतात, आणि हसता हसता त्याच भाकरीवर ठेचा घेऊन खातात.

बाई डावरी, एवढाच तिचा गुन्हा. माहेर कवठे येमाईचं. तिथं तिचा बाप गेणबा म्हणायचा, "भाकरी फुगतीय ना? मग कंच्या हातानं थापली, ते तव्याला कशाला सांगायचं?" लग्न जमवताना हाताचं कुणी विचारलं नाही, म्हणून त्यानंही सांगितलं नाही. पाहुणे पांगले, नव्या नवरीनं पहिल्यांदा परात पुढं ओढली, आणि सासूच्या, साखरबाईच्या, डोळ्यांदेखत डावा हात पिठावर पटापट पडायला लागला. साखरबाईनं चुलीजवळची फुंकणी उचलून त्या मनगटावर टेकवली. मारली नाही हं, घरंदाज बाई. नुसती टेकवली.

"ह्यो हात धुवायचा. ह्यानं खायचं न्हाई आन् दुसऱ्याला खाऊ घालायचं न्हाई."

मग गावभर सुरू झालं, "फसवलं की वं आमाला कवठ्याच्यांनी." त्या साली म्हैस आटली, ती डाव्या हातामुळं. विहिरीवरची मोटार जळली, तीही त्याच्यामुळंच. नवऱ्याची, ज्ञानदेवाची, रेल्वेतली बढती हुकली तेव्हा तर पुरावाच लागला नाही. तो साहेबाला तोंडावर गाढव म्हणाला होता, हे सगळ्या दौंडला ठाऊक होतं. घरात तेवढं पोचलं नव्हतं.

साखरबाई दौंडच्या बाजाराला गेली की तानुबाई दार लोटून डाव्या हातानं दोन भाकरी थापायची. पातळ, गोल, टम्म फुगलेल्या. ज्ञानदेव बोटं चाटत म्हणायचा, "झ्याक झाली."

"मग सांगा की आईला."

"जाऊ दे गं. कशाला उगं."

एवढ्या एका वाक्यावर त्यानं संसार केला आणि रिटायरही झाला.

तानुबाईला साडी नको होती, सोन्याचा डाग नको होता. सासूनं, तिच्या आत्याबाईंनी, डोळे मिटायच्या आत एकदा तरी ती भाकरी खावी, कंच्या हातची ते माहीत असून खावी, आणि बरी झाली म्हणावं. एवढ्यासाठी ती वाट बघत राहिली.

गेल्या दिवाळीनंतर साखरबाईला झटका आला. उजवं अंग गेलं. जीभ मात्र शाबूत राहिली; देवालाही काही गोष्टींना हात लावायची भीती वाटत असेल. व्यायाम घ्यायला दौंडहून बुशरा नावाची फिजिओ यायची. ती म्हणाली, "आजी, उजव्याला वेळ लागंल. डाव्यानं जेवायची सवय करा."

तानुबाईच्या मनानं उचल खाल्ली. घरात ही विद्या येणारी ती एकटीच. ताट घेऊन ती खाटेशी बसली. "आत्याबाई, मी शिकविते. अंगठा असा आत घ्यायचा, बोटं अशी जुळवायची. लई सोपं हाय."

साखरबाईनं तोंड भिंतीकडं फिरवलं. "उपाशी मरंन." दोन दिवस खरंच जेवली नाही.

तिसऱ्या दिवशी तानुबाई भरवायला बसली, अर्थात उजव्या हातानं. घास हनुवटीवर, आमटी गोधडीवर.

"चौतीस वर्सं झाली, हाताला वळण न्हाई."

"डाव्यानं भरवू का? थेंब सांडायची न्हाई."

"मी मेल्यावर भरव."

फाल्गुनातल्या एका दुपारी तानुबाई रानातून लवकर परतली. दार अर्धं लोटलेलं होतं. खाटेवर साखरबाई एकटी. बाजूच्या टोपलीतली झाकलेली भाकरी मांडीवर घेतलेली, आणि डावा हात कालवणात. अंगठा आत, बोटं जुळवलेली. घास उचलला, तोंडात गेला, थेंब सांडला नाही. एका दिवसात असं येत नाही. म्हातारीचं बरेच दिवस चाललं असावं.

उंबऱ्यात उभ्या तानुबाईला हसू आलं आणि डोळेही भरले. ती आत शिरली. साखरबाईचा हात गोधडीखाली गेला, कालवणासकट.

"कवाची भूक लागलीय. भरव की."

तानुबाईनं मांडीवरच्या अर्ध्या भाकरीकडं पाहिलं. "आत्याबाई, आज मी डाव्या हातानं दोन भाकरी करू?"

"या घरात न्हाई." साखरबाईच्या ओठाला तिखटाचा लाल तवंग होता. "मी हाय तवर न्हाई. आन् माझ्यामागं बी केलीस तर पितरांना पोचायची न्हाई."

तानुबाई बसली. उजव्या हातानं घास केला. सांडला. म्हातारीनं भरल्या पोटी आणखी आठ घास खाल्ले आणि प्रत्येक घासाला शिवी दिली.

मग गोधडी धुवायला नेली. आतल्या बाजूला कालवणाची पाच बोटं उमटली होती. बाया दगडावर येण्याआधी तानुबाईनं ती घासून काढली.

आता ती रानातून आली की उंबऱ्याबाहेर थांबते. दोनदा मोठ्यानं खोकते. आत टोपली झाकल्याचा आवाज येतो, मग चप्पल काढते.