इथं अशी कोणी राहत नाही

मी अमरावतीत स्पर्धा परीक्षेच्या क्लासमध्ये नागरिकशास्त्र शिकवते. मतदार नोंदणी कशी होते ते फळ्यावर बाण काढून इतक्यांदा समजावलंय, की झोपेतून उठवलं तरी सांगेन. आणि माझी सख्खी आई मतदार यादीत अजून अकोल्यातच राहत होती. दिव्याखाली अंधार, दुसरं काय!

बाबा गेल्यावर आई अकोल्याचं घर बंद करून माझ्याकडे आली. निवडणुकीचं वारं वाहू लागलं तसा मी तिचा पत्ता बदलण्याचा विषय काढला. ‘अर्ध्या तासाचं काम आहे,’ असं मोठ्या तोऱ्यात सांगितलं. सरकारी कामाबद्दल हे वाक्य मी पुन्हा तोंडातून काढणार नाही. आधी ऑनलाइन करायला बसले, तर ओटीपी बाबांच्या बंद पडलेल्या नंबरावर जात होता. म्हणून तहसील कचेरी गाठली. तिथल्या निवडणूक शाखेतल्या बाबूंनी आईचं मतदार कार्ड एका हातात धरलं, आधार दुसऱ्या हातात, आणि चष्म्यावरून आमच्याकडे पाहिलं.

“मॅडम, या तं दोन बाया होऊन राहिल्या.”

होत्याच. आमच्यात लग्नात नवरीचं नाव बदलायची पद्धत. ताटात तांदूळ पसरायचे, नवऱ्यानं अंगठीनं त्यात नवं नाव लिहायचं, पेढे वाटायचे, झालं. मतदार कार्ड बाबांनी काढून आणलेलं, त्यावर ते तांदळातलं नाव. आधारच्या वेळी मात्र पुरावा म्हणून शाळेचा दाखला जोडला होता, त्यामुळे त्यावर जन्मनाव. इतकी वर्षं दोन्ही कार्डं एकाच पाकिटात सुखानं नांदत होती.

“एक कोणतं तरी ठेवा,” बाबू म्हणाले. “आधार बदलून टाका. सेवा केंद्र समोरच आहे.”

मी ‘बरं’ म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात आईनं आधारवर बोट ठेवलं. “हे राहू द्या. दुसरं बदला.”

“काकू, मंग अकोल्याले जा लागन. आधी तिथं नावाची दुरुस्ती, मंग इथं पत्ता. फारम आठ नंबरचाच, पण एका वेळेस एकच काम होते.”

“जाऊ नं,” आई म्हणाली, जसं काही अकोला पलीकडच्या गल्लीत होतं.

ऑटोत बसल्या बसल्या माझा पारा चढला. समोर रस्ता ओलांडून होणारं काम सोडून एसटीनं अकोल्याला जायचं, ते कशासाठी? क्लासला दांडी, वर मुदत जवळ आलेली. आईनं माझी बडबड संपू दिली आणि मग अगदी शांतपणे म्हणाली, “मतदानाले गेलं की तो साहेब यादीतलं नाव मोठ्यानं वाचते. दर वेळेस तांदळातलं वाचलं. एकदा माहं वाचलं पायजे.”

बाबा तिला ‘अवं, ऐकतं का’ म्हणायचे. मामा ताई म्हणतो, मी आई, माझा नवरा आई, आमची कॉलनी अकोलेवाल्या काकू. ‘शाळेत हजेरीत माहं नाव सगळ्यात पयले होतं,’ ती सांगू लागली. ‘बाई वर्गात आल्या की पयले मलेच हाक. शाळा सुटली, लगन झालं, मंग कोणी घेतलंच नाई.’ आणि ते ताटातले तांदूळ? ते दुसऱ्या दिवशी खिचडीत गेले, असं सांगून ती इतकी हसली की ऑटोवाल्यानं मागं वळून पाहिलं. त्या क्षणी मला ते नाव यादीत हवं झालं. तिच्याइतकंच, कदाचित तिच्याहून जास्त.

अकोल्याला जायच्या दिवशी आईनं ठेवणीतली साडी काढली. मूर्तिजापूर येईपर्यंत तिनं शाळेचा दाखला पर्समधून तीनदा काढून पाहिला. मी दटावलं, तर म्हणते, तुले काय करायचं, माहा आहे. अकोल्याच्या कचेरीत गर्दी होती, पंखा गरम हवा फेकत होता, झेरॉक्सवाला जेवायला गेला होता, आणि आई लग्नघरी आल्यासारखी बसली होती. नंबर आल्यावर टेबलामागच्या तरुण क्लार्कनं कागद उलटेसुलटे पाहिले.

“आजी, हे नाव मंग इतके वर्षं होतं कुठं?”

“पेटीत,” आई म्हणाली. “दाखल्यासंगं.”

सगळं टेबल हसलं. क्लार्कनं अर्ज ठेवून घेतला, आणि आश्चर्य म्हणजे कोणतंही नवं खुसपट न काढता दुरुस्ती झाली. ज्या दिवशी फोनवर तसा मेसेज आला त्या दिवशी मी शिकवणं थांबवून आईला फोन केला. तिनं शिरा केला. पत्ता बदलण्याचा अर्ज मी त्याच संध्याकाळी भरला. आता फक्त बीएलओनं, म्हणजे यादीच्या कामासाठी घरोघर फिरणाऱ्या बाईंनी, घरी येऊन खात्री करायची होती. गड सर झाल्याच्या आनंदात मी होते.

एका संध्याकाळी घरी आले तर आई मेथी निवडत होती. सहज म्हणाली, “दुपारी एक बाई आली होती वं, हातात कागद घेऊन. कोणाले तरी शोधून राहिली होती. मी सांगून देल्लं, इथं अशी कोणी रायत नाई.”

मी पर्स खांद्यावर तशीच ठेवून विचारलं, “कोणाला शोधत होती?”

आईनं नाव सांगितलं. आडनावासकट, पूर्ण. आणि सांगता सांगता तिचा मेथीचा हात हवेतच थांबला.

“अवं माय,” ती म्हणाली. “मीच तं आहो.”

मी आधी किंचाळले. मग हसू आलं, ते थांबेना. आई मात्र हसत नव्हती. दारात येऊन कोणीतरी तिला तिच्या नावानं विचारलं आणि तिनं त्या नावाला घराबाहेर काढलं, हे तिला फार लागलं होतं. माझ्या फोनवर त्या बाईंचे मिस्ड कॉलही होते. क्लासमध्ये मी फोन मुका करून ठेवते. मुदत संपत आलेली. ‘पत्त्यावर राहत नाही’ असा शेरा वर गेला की अर्ज बाद, आणि तांदळातलं नाव तर आम्ही आमच्याच हातानं पुसून आलो होतो. म्हणजे नाव अकोल्यातच अडकणार, आणि अमरावतीत आई कोणत्याच नावानं नसणार.

बाई महानगरपालिकेच्या शाळेत शिकवतात असं कळलं. यांच्या गळ्यात वर्गही आणि यादीही. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीच्या आधीच आम्ही शाळेत जाऊन थडकलो. बाई चौथीच्या वर्गावर होत्या. मी दारातूनच आठ नंबरचा अर्ज, लग्नात बदललेलं नाव, नियम, हक्क असं सगळं भडाभडा सुरू केलं. बाईंनी खडू खाली ठेवला आणि माझ्याकडे न बघता आईकडे पाहिलं.

“काकू, तुमीच तं म्हणल्या नं काल, इथं अशी कोणी रायत नाई!”

मी उत्तर द्यायला पुढं झाले. आईनं माझा दंड धरून मला मागं ओढलं.

“काल नव्हती रायत,” ती म्हणाली. “आता रायते.”

बाई पर्समधून मोबाइल काढत म्हणाल्या, “माह्यापण लग्नात बदललं होतं, काकू.” शेरा अजून पाठवलेला नव्हता. शाळा सुटल्यावर त्या आमच्याकडे आल्या, फाटकातून मुद्दाम जोरात नाव पुकारलं, आणि आई आतून अशी ‘ओ’ देत धावली, की शेजारच्या दोन बायका गच्चीत आल्या.

मग घरात सराव सुरू झाला. आईचा हुकूमच होता, दिवसातून केव्हाही नावानं हाक मारायची. जन्मदात्या आईला नावानं हाक मारून पाहा एकदा, जीभ टाळूला चिकटते. पहिल्यांदा मी कुजबुजले. ‘काहून, घरात कोणी झोपलं का?’ असं विचारून तिनं मला झापलं. नवऱ्यानं तर सासूच्या नावापुढं हात जोडले. ते नाव मी इथं लिहीत नाही. ते मोठ्यानं म्हणायचं नाव आहे.

मतदानाच्या दिवशी आमचं केंद्र एका शाळेतच आलं. आई पहाटेपासून तयार. रांगेत तिनं पुढच्या बाईला, मागच्या बाईला, पाण्याची बाटली घेऊन बसलेल्या पोलिसालाही स्वतःचं नाव सांगून झालं होतं. वर्गात बाक भिंतीला सारलेले, फळ्यावर कुणीतरी पाढे अर्धवट पुसलेले. पहिल्या टेबलावरच्या साहेबांनी कार्ड पाहिलं, यादीवर पट्टी सरकवली, आणि अनुक्रमांकापाठोपाठ आईचं नाव खणखणीत आवाजात वाचलं.

“हजर!” आई म्हणाली.

टेबलांवरची सगळी डोकी वर झाली. साहेब गोंधळले, मग हसले आणि म्हणाले, “काकू, हजर नाई म्हणा लागत, पुढं जाऊन बोट द्या.” मला तिथंच रडू फुटलं, आणि मला त्याची जराही लाज वाटली नाही. आईनं शाई लावून घेतली, पुठ्ठ्याच्या आडोशामागं गेली, यंत्राची शिट्टी ऐकून बाहेर आली.

ऑटोत बसल्यावर शाईच्या बोटावर फुंकर घालत तिनं विचारलं, “आता पुन्हा कवा आहे वं निवडणूक?”