लोखंडाने गिळलेले न्यूट्रॉन

मुलगी चार दिवसांसाठी बुऱ्हाणपूरला आली होती, पण जेवतानाही तिचं लक्ष लॅपटॉपकडे. लोखंडाच्या अणुकेंद्रकावर आपटून न्यूट्रॉन कुठल्या कोनात किती विखुरतात, हे तिला गणिताने काढायचं होतं. प्रयोगात मोजलेले ठिपके होते. तिची रेषा त्यांच्यावर बसत नव्हती. सोमवारी पीएचडीच्या सरांना दाखवायचं, नाही जमलं तर विषय बदलायचा. म्हणजे दीड वर्ष पाण्यात.

मी कागद गिरणीच्या तपासणी खोलीत काम करतो. केंद्रकातलं मला काही कळत नाही, पण राहवलं नाही. शनिवारी चहा घेताना विचारलं, "इतक्या बारीक वस्तूचं गणित करता तरी कसं?"

"आतला एकेक कण नाही धरत, पप्पा. पूर्ण केंद्रक म्हणजे एक धुरकट काचेची गोटी समजायची. काही न्यूट्रॉन वळतात, काही आत गडप. वळवण्याचा एक आकडा, गिळण्याचा दुसरा. ऑप्टिकल मॉडेल म्हणतात."

"अगं, मग हे आमचं रोजचं काम!"

"झालं," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "आता लोखंडाचाही कागद करतील."

आम्ही कागदावर उजेड टाकतो. किती परतला, किती पार गेला ते मोजतो. उरलेला कागदाने गिळला. हा गिळलेला उजेड गिऱ्हाईक कधी विचारत नाही, तरी आमच्या खोलीत तो काढल्याशिवाय नोंद करत नाहीत. पहिल्याच आठवड्यात मला सांगितलं होतं: उणे आलं तर कागदाला दोष देऊ नकोस, आधी यंत्राची काच पूस.

मी तिच्या गणितातून निघालेल्या आकड्यांचा तक्ता मागितला. दोनच रकाने होते: एकूण आणि विखुरलेले.

"गिळलेले कुठंयत?"

"ते प्रयोगात मोजलेच नाहीत ना. तुलना कशाशी करू? म्हणून छापले नाहीत."

मी पेन्सिलीने वजाबाकी केली. तीन पूर्णांक चारमधून चार पूर्णांक एक. उणे शून्य पूर्णांक सात.

"बाई, तुझं लोखंड गिळत नाही, ओकतंय."

ती हसली आणि मधेच थांबली. लॅपटॉप ओढला. वळवण्याचा आणि गिळण्याचा आकडा तिने ज्या जुन्या छापील तक्त्यातून घेतला होता, त्यात दोन्ही नुसते, चिन्हाशिवाय दिले होते; उणे चिन्ह सूत्रात होतं. तिने ते वळवण्याच्या आकड्याला लावलं होतं, गिळण्याच्या आकड्याला लावायचं राहिलं होतं.

"यार! एक मायनस! दोन महिने!"

दुरुस्तीनंतर वजाबाकी अधिक दीड आली. रेषा ठिपक्यांवर टेकली. फक्त मागच्या बाजूच्या कोनांत थोडी दूर राहिली. मला ते खटकलं. ती म्हणाली, तेवढं चालतं, तिथं दुसऱ्या गोष्टी शिरतात.

सोमवारी दुपारी तिचा फोन आला. विषय बदलावा लागला नव्हता. तक्त्यात तिसरा रकानाही होता.

"छान," मी म्हणालो. "पण गिळलेल्या न्यूट्रॉनचं पुढे होतं काय? उजेड गिळला की कागद जरासा तापतो तरी."

"पप्पा, आधी खूश तो हो लो!"