आईची पाटी

युरियाची गोणी फोडली की त्या उग्र वासासरशी मला मांजरा नदीचा काठ आठवतो. काठच्या उसाला टाकलेलं खत पावसानं नदीत उतरलं, पाणी हिरवं, दाट झालं आणि एका सकाळी मासे पोटं वर करून तरंगले. आमचं घर मासेमारीवर चालायचं. आईनं जाब विचारला, तर उसाचा मालक म्हणाला, "नदी काय तुझ्या बापाची हाय?" आईनं मेलेल्या माशांनी पाटी भरली, डोक्यावर घेतली आणि त्याच्याच उसात नेऊन उपडी केली. "न्हाई मालक, तुमच्या बी बापाची न्हाई. तुमचंच खत हाय, तुमीच ठिवा." आता माझाही ऊस आहे, पण नदीलगतच्या सऱ्यांना मी खत घालत नाही. शेजारी येड्यात काढतात. काढू द्या. त्यांचं खत नदीत उतरलं, तर आईची पाटी अजून घरात आहे.