तळहातावरचं दही

माझा चुलतभाऊ शिरीष ऑस्ट्रेलियात जाऊन सॉलिसिटर झाला आणि आता तिथल्या एका राज्याचा आमदार. विधानसभेतलं त्याचं पहिलं भाषण मी काकूला, त्याच्या आईला, मोबाइलवर दाखवत होतो. इंग्रजी आम्हा दोघांना सारखंच कळत होतं. बोलायला उभं राहताना त्यानं उजवा तळहात हळूच पँटला पुसला.

“बघ, बघ! परीक्षेला निघताना हातावर दही घातलं की मेला असाच पुसायचा.”

काकूनं तेवढाच भाग पुन्हा लावायला सांगितला. तिथं दही घालणारं कोण होतं? पुसायची सवय तेवढी समुद्रापार गेली होती.

मी भाजी आणायला उठलो. “थांब,” म्हणत तिनं माझ्या हातावर चमचाभर दही घातलं. पन्नाशीत, मेथीच्या जुडीसाठी! मी निमूट चाटलं आणि हात पँटला पुसला. काकू त्या हाताकडे डोळे भरून बघत राहिली.