वामनरावांचं नवं पोट

"काय खाल्लं?" मी विचारलं.

"शिरा," वामनराव डोळे मिटूनच म्हणाले. सदरा घामानं चिंब होता. नाडी धावत होती. छाती धडधडत होती आणि डोळ्यांपुढं अंधारी येत होती.

"किती?"

"ताटभर. तुमीच म्हनलं ना डाक्टरसाहेब, नरम नरम खात जा म्हणून? शिऱ्याहून नरम काय असते?"

त्यांच्या पत्नी रुख्माबाईंनी कपाळावर हात मारला. "सुट्टी भेटली अन् खोलीवर पाय टाकताच 'शिरा कर' म्हणे. मी म्हनलं, दवाखान्यात पुसा तं खरी. आयकते कोन!"

ही साठ सालानंतरची, अकोल्याच्या दवाखान्यातली गोष्ट. मी तिथं असिस्टंट सर्जन होतो. वामनरावांचं पोटाचं ऑपरेशन होऊन पंधरवडाही झाला नव्हता. टाके वाळेपर्यंत नवराबायको दवाखान्यामागंच एक खोली घेऊन राहिले होते, म्हणून ते लगेच पोचले.

वामनराव मूर्तिजापूरकडच्या एका खेड्यातले शेतकरी. खाण्यासाठी नावाजलेले. ते पंगतीला बसले की आचारी मुद्दाम बाहेर येऊन पाहत उभा राहायचा. अंगानं एवढे सुटलेले की मांडी घालून बसता येत नसे आणि बैलगाडीत चढायला दोघांचा हात लागे. गाव म्हणायचं, काय भूक आहे!

पण ती भूक नव्हती. अन्न जठरातून आतड्यात उतरतं तिथं त्यांना जुनी जखम होती. तिला आम्ही अल्सर म्हणतो. पोट रिकामं झालं की जठरातला आंबट रस त्या जखमेला लागतो आणि आत आग होते. काही खाल्लं की आग थांबते. वामनरावांना हे औषध आपलं आपण सापडलं होतं. दुखलं की खायचं. वर्षानुवर्षं तेच केलं, आणि त्याचंच ते शरीर झालं होतं.

एक दिवस रक्ताची उलटी झाली आणि त्यांना आमच्याकडं आणलं. आमचे चीफ सर्जन, ज्यांना सगळे मोठे सर म्हणत, त्यांनी जठराचा अर्ध्याहून जास्त भाग काढून टाकला. या ऑपरेशनला गॅस्ट्रेक्टॉमी म्हणतात. मी टेबलापलीकडं उभा राहून मदत करत होतो. एवढ्या चरबीतून जठरापर्यंत पोचताना सर दोनदा म्हणाले, "डॉक्टर, आपण पोट उघडतोय की विहीर खणतोय?"

शिऱ्याच्या दिवशी मी वामनरावांना आडवं झोपवलं आणि समजावून सांगितलं. जठर म्हणजे हौद. त्याला खाली बारीक तोटी असते, तिच्यातून अन्न हळूहळू पुढं जातं. आता तुमचा हौद लहान झाला आणि तोटीही गेली. गोड, पातळ असं भरपूर खाल्लं की सगळं एकदम आतड्यात कोसळतं आणि शरीर घाबरतं. याला डंपिंग म्हणतात. जिवाला धोका नसतो, थोड्या वेळात उतरतं.

"उतरते म्हनता, पन मले वाटलं गेलोच मी. मंग आता खाचं कसं?"

"थोडं थोडं, दिवसातून सहा वेळा. कोरडं, चावून. जेवताना पाणी नाही. गोड बंद."

"म्हंजे चिमणीसारखं?"

"चिमणी दिवसभर खाते, वामनराव. उपाशी कुठं राहते?"

ते हसले आणि टाक्यांवर हात धरून कळवळले.

माणूस मोठा जिद्दीचा. एक वाटी ठरवली. तिच्यापलीकडं जेवण नाही. चार-पाच महिन्यांनी तपासणीला आले तेव्हा मी ओळखलंच नाही. स्टुलावर पाय दुमडून बसून दाखवलं. गाडीत एकटे चढतात म्हणाले. "आरशात पाह्यलं तं माहा धाकला भाऊ उभा दिसते," म्हणाले. रुख्माबाईंची तक्रार एवढीच होती की नेसलेल्या धोतराला आता धड गाठ राहत नाही.

पण त्या दिवशी ते दुसऱ्याच कामासाठी आले होते. मुलीचं, सुमनचं, लग्न अंजनगाव सुर्जीच्या घरी ठरत आलं होतं. बोलणी झाली तेव्हा वामनराव लठ्ठ होते. आता हा देह पाहून गावात कुजबुज सुरू झाली होती: टीबी. ती मुलाच्या वडिलांपर्यंत, संपतरावांपर्यंत, गेली होती. त्या काळी टीबीच्या नुसत्या नावानं सोयरिकी मोडत.

"मग सांगून टाका ना, ऑपरेशन झालं म्हणून," मी म्हणालो.

"पोट कापलं म्हनलं तं अजून भेतीन! पोटकाप्या माणसाची पोरगी कोन करते? तुमीबी सांगू नका. पन साक्षगंधाले या."

साक्षगंध म्हणजे साखरपुडा. मी मोठ्या सरांना विचारलं. ते म्हणाले, "रोग्याचं गुपित रोग्याचं असतं. त्यानं सांगेपर्यंत तुझं तोंड बंद. पण जा. डॉक्टर शेजारी बसून जेवतो म्हटलं की लोकांना धीर येतो."

गेलो. संपतराव म्हणजे भला थोरला माणूस, वामनराव पूर्वी होते तसाच. त्यांनी मला गाठून कडुनिंबाखाली नेलं.

"डाक्टरसाहेब, वामनरावाईचं वजन कायनं गेलं?"

"त्यांनाच विचारा."

"रातच्याले पोट दुखत होतं का त्याईचं? खाल्लं का थांबे का?"

मला वाटलं, हा माणूस वकिलासारखा उलटतपासणी घेतोय. मी पुन्हा म्हणालो, "त्यांनाच विचारा." ते खट्टू झाले.

वामनरावांनी युक्ती काढली होती. पंगत बसली तेव्हा ते बुंदीच्या लाडवांचं ताट घेऊन वाढायला उभे राहिले. वाढणाऱ्याला जेवा म्हणून कोण आग्रह करतो? त्यांनी मला पंगतीच्या मधोमध जागा दाखवली. मी कडेचा पाट शोधत होतो. माझे वडील धामणगावच्या कापसाच्या जिनिंगमध्ये हमाल. छप्पन साली आमच्या घरानं दीक्षा घेतली, पण अशा पंगतीत मधोमध बसायची मला तेव्हाही सवय नव्हती. वामनरावांनी माझा दंड धरला. "माह्या पोटात हात घातला तुमी, अन् बसाले लाजता?" हे मात्र त्यांनी कानात सांगितलं.

तेवढ्यात संपतराव होणाऱ्या व्याह्यांकडं बोट करून मोठ्यानं म्हणाले, "इवाई बसल्याबिगर मी घास उचलत नाही."

सगळी पंगत थांबली. वामनरावांना माझ्याशेजारी बसावंच लागलं. संपतरावांनी स्वतः दोन लाडू त्यांच्या पत्रावळीवर ठेवले. "एवढे तं खाच लागते."

लाडू खाल्ले तर पाव तासात हा माणूस घामाघूम होऊन सगळ्यांसमोर आडवा होणार. नाही खाल्ले तर टीबी ठरलेलाच. वामनरावांनी माझ्याकडं पाहिलं. मी पत्रावळीकडं पाहिलं. सुमन आतल्या दाराआडून पाहत होती.

वामनरावांनी हात जोडले. "इवाई, लपवून काय करू? मले टीबी-गिबी काई नाही. माहं पोट अर्धं कापून टाकलं या डाक्टरांनी. वाटीभर जेवतो. गोड खाल्लं का भोवळ येते. आता तुमाले सोयरीक ठेवाची का मोडाची, तुमी पाहा."

संपतरावांनी दोन्ही लाडू उचलून आपल्या पानात घेतले.

"मंग आता दुखत नाही?"

"नाही."

"राती झोप लागते?"

"आडवा पडला का झोप."

संपतराव एकदम खाली पाहत म्हणाले, "मलेबी असंच दुखते, बाप्पा. खाल्लं का थांबते, म्हणून खातो. मले वाटे कान्सर हाय. घरी कोनाले सांगतलं नाही. म्हणून तं डाक्टरले पुसून राहिलो होतो! अन् हे म्हनते, त्याईलेच इचारा!"

आधी वामनराव हसले, मग अख्खी पंगत. आत बायकांमध्ये हसू गेलं. रुख्माबाई डोळे पुसत बाहेर आल्या आणि त्यांनी व्याह्यांच्या पानातले लाडू सरळ उचलून नेले. साक्षगंध झालं, वैशाखात लग्नही झालं.

संपतराव पुढच्याच आठवड्यात ओपीडीत हजर. बेरियमचं पांढरं पाणी पाजून पोटाचा एक्स-रे काढला. अल्सरच होता, कॅन्सर नव्हता. ऑपरेशन लागलं नाही. दूध, आंबट रस मारणारी पावडर, थोडं थोडं खाणं, तिखट बंद. तिखट बंद म्हटल्यावर ते म्हणाले, "मंग त्यापक्षा कापाच." पण पथ्य पाळलं. लग्नात दोन्ही व्याही दर दोन तासांनी मिळून एकेक वाटी मागवत होते आणि आचारी वैतागला होता.

कॉलेजात आम्हाला पोट हातानं तपासायला शिकवलं, कानानं तपासायला शिकवलं. विचारणाऱ्याला आधी तपासावं, हे मात्र त्या कडुनिंबाखाली शिकलो. तेव्हापासून कोणी "आमच्या एका ओळखीच्या माणसाला असं असं होतं" म्हणत आलं, की मी त्यालाच टेबलावर झोपायला सांगतो. बहुतेक जण मुकाट्यानं झोपतात.