अक्काचं विरजण

उदगीरपासून लातूरपर्यंत दुधाची नाडी बोटानं ओळखणारी बाई एकच, ती देवणीला दिलेली माझी चुलत बहीण, अक्का. हे मी भाव वाढवायला सांगत नाही. सायकलला भांडी बांधून जळकोटचा बाजार करत करत मी उदगीरला दुकान उभं केलं. मालाची तारीफ करणं माझ्या रक्तात नाही, खोड काढणं आहे. अक्कापुढे मात्र तेही चाललं नाही.

तापलेल्या दुधात ती करंगळी बुडवायची, डोळे मिटायची आणि "अजून निवू द्या" असा निकाल द्यायची. विरजण लावलेलं भांडं घोंगडीत गुंडाळलं की घरात मोठ्यानं बोलायची चोरी. दाजी खोकायलासुद्धा अंगणात जायचे. लग्नाला निघाली तरी विरजणाची डबी सोबत. एकदा तर दुधाचं भांडं मांडीवर घेऊन एसटीत बसली आणि ड्रायव्हरला म्हणाली, "दादा, खड्डे बघून चालव, दही लागून राहिलंय." गाडी उशिरा पोचली, पण दही सुरीनं कापावं असं लागलं होतं.

अशा बाईनं मला विरजण नाकारलं. उदगीरला नवं बिऱ्हाड केलं, तेव्हा घरातलं पहिलं दही तिच्या विरजणाचं लागावं म्हणून बाजार उरकून तिच्या दारात गेलो. नेमके दिवे लागलेले. "दिवे लागल्यावर विरजण घराबाहेर देत न्हाई, अप्पा. मुक्काम कर, सकाळी ने." माझं डोकं फिरलं. रिकामी डबी घेऊन तसाच माघारी आलो आणि पुढं अठरा वर्षं प्रत्येक पंगतीत सांगत राहिलो, की हिनं भावाला चमचाभर विरजण दिलं नाही.

गेल्या वर्षी दुकानात पत्र्यानं पाय कापला, पू झाला. लातूरच्या डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं. जखम भरली, पोट बिघडलं. गल्ल्यावर बसायची सोय राहिली नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी गिऱ्हाइकानं सांगितलेल्या भावाला हो म्हणालो, कारण थांबायला वेळच नव्हता. अजून महिनाभर असं चाललं असतं तर दुकान बसलं असतं.

डॉक्टर म्हणाले, गोळ्यांनी वाईट जंतूंबरोबर पोटातले चांगलेही मेले, आणि प्रोबायोटिकच्या पुड्या लिहून दिल्या. मेडिकलवाल्याला मी विचारलं, "आधी जंतू मारायचे पैसे घेतलेस, आता जंतूच विकतोस?" तरी घेतल्या. आठ दिवसांत काडीचा फरक नाही.

अक्का न बोलावता आली. "कशात घेतो पुडी?"

"चहात. चांगल्या उकळत्या."

"उकळत्या दुधात विरजण लावतेत का रे? जित्या जिवाला पोळून गिळतो, अन् गुण न्हाई म्हणतो."

मी तिला खोटं पाडायला डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, "बाईंचं बरोबर आहे. साध्या पाण्यात घ्या." मग रोज ती पाण्यात करंगळी बुडवून पुडी द्यायची आणि दुपारी आपल्या विरजणाचं वाटीभर दही. आठवडाभरात मी गल्ल्यावर बसलो आणि एका पातेल्यावर तास घासाघीस केली. अक्का भर दुपारी निघाली. डबी माझ्या बायकोच्या हातात देत म्हणाली, "ऊन हाय अजून. ठेव."

यंदा अक्काच महिनाभर आजारी पडली आणि तिच्या घरचं विरजण नासलं. फोन आला. "अप्पा, माझं विरजण हाय का तुझ्याकडं?"

होतं. आम्ही एक दिवस खंड पडू दिला नव्हता. चालू गिऱ्हाईक सोडून निघालो, तरी देवणीला पोचेस्तोवर दिवे लागलेच. मी मोठ्या ऐटीत डबी पुढं केली. अक्काचा हात पुढं आला. तो तिनं मागं घेतला.

"दिवे लागलेत. सकाळी दे." मग म्हणाली, "मुक्काम करशील न्हवं?"

तेव्हाही ती हेच म्हणाली होती. मी डबी घोंगडीत ठेवली आणि चपला आत घेतल्या.