दोन कडव्यांमधला शशिधर

शशिधर देवस्थळीने तरुणपणी मद्रासच्या स्टुडिओंत दिलरुबा वाजवला, पण पडद्यावर त्याचं नाव कधी झळकलं नाही. वादकांची नावं द्यायला फुरसत असते कुणाला! डॉक्टर बायकोच्या, अलकाच्या, मागोमाग तो इंग्लंडात कॉव्हेंट्रीला आला, कारखान्यात लागला आणि तिथल्या मशीनने त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं घेतली. दिलरुबा कपाटावर गेला तो गेलाच.

मुलगी मधुमती तेव्हा पाळण्यात होती. आता, १९८९ साली, ती शाळेच्या ऑर्केस्ट्रात व्हायोलिन वाजवायची. बापाने सिनेमात वाजवलंय म्हटलं की 'हो, हो' म्हणून सोडून द्यायची. ते 'हो, हो' शशिधरच्या जिव्हारी लागायचं. लेकीने आपलं वाजवणं एकदा ऐकावं, एवढंच त्याला हवं होतं.

अलकाच्या वॉर्डमधल्या साराम्मा सिस्टरने, शशिधरने ज्याच्या एका गाण्यात दिलरुबा वाजवला होता तो जुना मल्याळम सिनेमा इल्फर्डच्या एका व्हिडिओच्या दुकानातून पैदा केला. रविवारी सगळे टीव्हीपुढे बसले. शशिधर चक्क इस्त्रीचा शर्ट घालून बसला.

नायिका होडीत चढली आणि गाणं सुरू झालं. "पहिलं कडवं संपलं की मी," म्हणत शशिधरने हात वर केला. "आता!"

चित्र थरथरलं. नायिका स्वयंपाकघरात सासूशी भांडत होती.

"बाबा, तुमचा पार्ट कुठे गेला?"

साराम्मा ओशाळली. दुकानवाले टेपवर जाहिराती बसवायला गाणी कापतात, म्हणाली. दुसरी कॉपी तिच्या माहितीत तरी कुठेच नव्हती.

शशिधरने टेप मागे नेली. पुन्हा होडी, पुन्हा सासू. तो पुन्हा मागे नेऊ लागला, तेव्हा अलकाने हळूच रिमोट काढून घेतला.

"इट्स ओके, बाबा. आय बिलीव्ह यू," मधुमती अगदी मनापासून म्हणाली. मग धावत जाऊन व्हायोलिन घेऊन आली. "तुम्ही गाऊन दाखवा ना. मी वाजवते."

शशिधर हरखला. खाकरला, डोळे मिटले. आणि थांबला. तो तुकडा त्याने आयुष्यात एकदाच वाजवला होता, समोरचा कागद वाचून, आणि लगेच दुसऱ्या स्टुडिओकडे पळाला होता. चांगला वाजला होता, एवढं पक्कं आठवत होतं. सूर मात्र काही केल्या आठवेनात.

गज तारेवर टेकवून लेक वाट पाहत होती.